पत आणि ऐपत: क्रेडिट कार्डाविना परदेशात मोटार

परदेशात मोटार भाड्याने देणाऱ्या कंपनीला गिऱ्हाइकाकडून दोन गोष्टी हव्या असतात, भाडे आणि अनामत. भाडे बहुधा कोणत्याही मार्गाने भरता येते. अनामतीसाठी मात्र बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या काउंटरवर चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते. खात्यात रक्कम किती आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. मराठीत ऐपत आणि पत हे दोन शब्द सर्रास एका दमात उच्चारले जातात; त्या काउंटरवर ते वेगळे होतात. ऐपत म्हणजे जवळ असलेला पैसा. पत म्हणजे उद्या काही देणे निघाले तर ते वसूल होईल, असा दुसऱ्याला वाटणारा भरवसा.

जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या माणसाला हा फरक आधी कळत नाही, कारण इथे ‘गाडी भाड्याने केली’ म्हणजे ड्रायव्हरसकट केली. लग्नाचे वऱ्हाड असो, शिर्डी असो की संभाजीनगरचा दवाखाना, गाडीबरोबर मालकाचा माणूस येतो आणि तोच मालकाचा विमा असतो. ट्रॅक्टर, जेसीबी, मळणीयंत्र हेही ड्रायव्हर-ऑपरेटरसकटच मिळते. चालकाविना गाडी देण्याच्या व्यवसायाला भारतात 1989च्या रेंट-अ-कॅब योजनेने नियमात बसवले. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी ती हीच. पण तालुक्याच्या गावात ती क्वचित दिसते. ‘क्रेडिट कार्ड’ हा शब्द मात्र परतूर, अंबड, घनसावंगीच्या खेड्यापाड्यांत चांगला ओळखीचा आहे. तिथे त्याचा अर्थ 1998 साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड, म्हणजे पीककर्ज. ते परदेशातल्या काउंटरवर ठेवायची वस्तू नव्हे.

भाड्याच्या मोटारीचा धंदा क्रेडिट कार्डापेक्षा जुना आहे. शिकागोत वॉल्टर जेकब्स याने 1918 साली डझनभर फोर्ड मॉडेल-टी गाड्यांवर तो सुरू केला. त्याचीच पुढे हर्ट्झ झाली. वॉरन एव्हिसने 1946मध्ये डेट्रॉईटजवळच्या विमानतळावर काउंटर थाटला आणि विमानातून उतरणारा परगावचा, अनोळखी माणूस हाच गिऱ्हाईक ठरला. 1950 साली डायनर्स क्लबचे कार्ड आले. अनोळखी माणसाचा जामीन घेणारी तिसरी संस्था मिळाल्यावर गाडीवाल्यांनी ती सोडली नाही.

जामीन कसा राहतो, हे समजून घेण्यासारखे आहे. काउंटरवरचा कर्मचारी कार्ड यंत्रात घालून ठरावीक रक्कम अडवून ठेवतो. ती कापली जात नाही, फक्त गोठते. शेअरच्या आयपीओला अर्ज करताना खात्यातली रक्कम वाटप होईपर्यंत जशी अडकते, तसाच हा प्रकार. क्रेडिट कार्डावर गोठते ती बँकेने दिलेली मर्यादा. गिऱ्हाइकाचा स्वतःचा रुपया हलत नाही. डेबिट कार्डावर गोठतो तो खरा पैसा, आणि गाडी परत केल्यावरही तो सुटायला अनेक दिवस लागू शकतात. काही ठिकाणी डेबिट कार्डावर अनामत गोठवत नाहीत, सरळ कापून घेतात आणि नंतर परत करतात. त्यात चलनाचा फटका बसतो. समजा 300 पौंड कापले तेव्हा दर 110 रुपये होता आणि परत आले तेव्हा 107, तर 900 रुपये तिथेच गेले. बँकेने साडेतीन टक्के विनिमय आकार लावला असेल तर आणखी 1,155 रुपये आणि त्यावर जीएसटी. तो आकार सहसा परत येत नाही.

अनामत मागण्याची कारणे खोटी नाहीत. ओरखडा, फुटलेली काच, रिकामी टाकी हे गाडी परत करताना दिसते. दंड आणि पथकर नंतर येतात. लंडनच्या मध्यभागी शिरण्याचा कर 2003पासून आहे, दुबईत ‘सालिक’ हा पथकर 2007पासून आहे, आणि दोन्हीकडे फाटक नाही. कॅमेरा पाटी टिपतो आणि देणे गाडीच्या मालकाच्या नावावर चढते. इटलीतल्या जुन्या शहरांच्या निषिद्ध भागात चुकून शिरल्याचा दंड गिऱ्हाईक घरी पोचून कामाला लागल्यावर उगवतो. समृद्धी महामार्गावर फास्टॅगने टोल जागच्या जागी कापून घेणाऱ्याला ही उशिराची वसुली चमत्कारिक वाटते. त्यातच विम्याची एक मेख आहे. युरोपात भाड्यात मूळ विमा धरलेला असला, तरी नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा गिऱ्हाइकाच्या माथी असतो. अनामत बव्हंशी त्या हिश्श्याच्या हिशेबाने ठरते. तो हिस्सा भरून देणारा वेगळा विमा बाहेरून स्वस्तात मिळतो, पण त्याने अनामत टळत नाही. काउंटरवाला आपली अनामत घेतोच, बाहेरचा विमेदार नंतर भरपाई देतो.

हे सर्व प्रस्तुत लेखकाला स्कॉटलंडमधल्या एका विमानतळावर, सकाळी साडेनऊ वाजता, उभ्याउभ्या शिकावे लागले. तयारीत कसूर नव्हती. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर बारा महिने मोटार चालवता येते, रस्त्याची बाजूही आपल्यासारखी डावीच, तरी जालन्याच्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. गाडी दोन महिने आधी इंटरनेटवर ठरवली होती, सहा दिवसांचे पूर्ण भाडे डेबिट कार्डाने भरले होते आणि त्याची पावती छापून पिशवीत होती. बरोबर पत्नी आणि तिथे शिकणारा तेवीस वर्षांचा पुतण्या.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, परवाना घेतला, मग कार्ड मागितले. डेबिट कार्ड उलटून पाहून तिने ते परत सरकवले. भाडे याच कार्डाने भरले आहे, असे सांगितल्यावर तिने शांतपणे सांगितले की भाडे मध्यस्थ कंपनीने घेतले आहे, अनामत आम्ही घेतो, आणि ती परदेशी डेबिट कार्डावर घेत नाही. खात्यात तेव्हा सहा महिने पुरेल एवढी रक्कम होती. मोबाइलवर शिल्लक दाखवली तेव्हा तिने पाहिलेही नाही; आणि पाहून तिला उपयोग नव्हता, हे नंतर कळले. रोख पौंड देतो म्हटल्यावर तर ती दचकलीच. सहलीसाठी पैसे भरून नेलेले फॉरेक्स कार्डही चालेना. ज्यात भरलेल्या रकमेपलीकडे काही वसूल होत नाही, ते कार्ड जामीन कसे राहणार?

मग पुतण्या पुढे झाला. “काका, माझं कार्ड आहे ना.” त्याच्याजवळ विद्यार्थ्यांना मिळणारे, पाचशे पौंड मर्यादेचे क्रेडिट कार्ड होते. मुलीने त्याचे कार्ड ओळखले, मानले आणि नाकारले. कार्डावरचे नाव आणि मुख्य चालकाचे नाव एकच हवे. पुतण्यालाच मुख्य चालक करावे, तर त्याच्याकडे परवाना नव्हता. असता तरी पंचविशीच्या आतल्या चालकाला जादा आकार होता.

इथे थोडे थांबायला हवे, कारण खुपते ते हेच. पुतण्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. तारण म्हणून घर लावले आहे. त्याच्याकडे पत निघाली. प्रस्तुत लेखकाने घर बांधले तेही टप्प्याटप्प्याने, साठवून. मोंढ्यातल्या आडत्याकडेही कधी उचल घेतली नाही. उधारी वाईट, हे घरात ऐकत वाढलेल्या पिढीचा हा अभिमान. परत आल्यावर सिबिलचा अहवाल काढला, तर जिथे 300 ते 900च्या दरम्यान आकडा यायचा तिथे उणे एक होता. ज्याने कधी कर्ज काढले नाही त्याची नोंद अशी होते. उणे एक म्हणजे वाईट पत नव्हे, पतीचा इतिहासच नाही, असे बँकेतल्या अधिकाऱ्याने समजावले. समजावणे बरोबर होते. आकडा मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मुलीने अखेर एक मार्ग सुचवला. त्यांचा पूर्ण विमा घेतला तर अनामत कमी होईल, आणि तेवढी रक्कम डेबिट कार्डावर चालते का, हे वरिष्ठांना विचारता येईल. विम्याचा आकडा मूळ भाड्याहून मोठा होता. तरी होकार दिला. वरिष्ठांनी नकार दिला. पैसे परत मागितले तेव्हा तिने मध्यस्थ कंपनीचा फोन क्रमांक लिहून दिला. मध्यस्थाने सांगितले की गाडी तयार होती, गिऱ्हाइकाने नेली नाही, हा गिऱ्हाइकाचा दोष. अट आधीच कळवली होती का? होती. भाडे भरण्याच्या पानावर सर्व कार्डांची चित्रे होती आणि ‘गाडी ताब्यात घेताना’ या मथळ्याखाली, दोनदा टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या चौकटीत, ते एक वाक्य होते. काउंटर म्हणतो मध्यस्थाला विचारा, मध्यस्थ म्हणतो काउंटरच्या अटी. पैसे घ्यायला डेबिट कार्ड चालते आणि गाडी द्यायला चालत नाही, ही गोष्ट पैसे घेण्याच्या पानावर, त्याच टायपात छापायला काय हरकत आहे, याचे उत्तर कोणाकडून मिळाले नाही.

इन्व्हर्नेसपर्यंत रेल्वे, तिथून काइल ऑफ लोखाल्शपर्यंत दुसरी रेल्वे आणि पुढे पुलावरून बसने स्काय बेट, असा प्रवास झाला. खाडीच्या कडेने जाणारी ती गाडी फार सुंदर आहे. डोंगरातल्या एकेरी रस्त्यांवर, समोरून वाहन आले की बगलेच्या जागेत शिरून वाट देत मोटार हाकण्यापेक्षा खिडकीशी बसणे बरे, असे पत्नीचे मत पडले आणि ते चुकीचे नव्हते. राग तरीही गेला नाही.

आणि रागाची दुसरी बाजूही आहे. जालन्यातले कोणतेही मंगल कार्यालय अनामत घेतल्याशिवाय किल्ली देत नाही आणि फुटलेल्या ताटवाट्यांचे पैसे त्यातून कापते. ओळखीच्या माणसाला ट्रॅक्टर देतानाही आपण ड्रायव्हर आपलाच पाठवतो. मग पंधरा-वीस लाखांची गाडी दुसऱ्या खंडातल्या माणसाच्या हाती एका सहीवर देणाऱ्याने जामीन मागितला, तर तो उद्धट कसा? मागण्यात चूक नाही. झाकून मागण्यात आहे.

ज्याला जायचे आहे त्याच्यासाठी मार्ग आहेत, पण ते घरून निघण्याआधीचे आहेत. पतीचा इतिहास नसलेल्याला मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळते. बँक ठेवीचा मोठा भाग कार्डाची मर्यादा म्हणून देते आणि ठेवीवर व्याज चालू राहते. सेवानिवृत्त, गृहिणी, बागाईतदार यांना उत्पन्नाचा दाखला न देता ते घेता येते. मर्यादा अनामतीच्या किमान दुप्पट असावी, कारण हॉटेलवालेही रक्कम गोठवतात. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या आदेशानंतर नवे कार्ड फक्त देशात चालते. परदेशातला वापर बँकेच्या अॅपमध्ये स्वतः सुरू करावा लागतो. कार्ड हातात घेण्याजोगे, नाव छापलेले हवे. नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे बँकेत आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, मध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव. काउंटरवर याचा घोळ होतो. पासपोर्टवर आहे तसेच नाव कार्डावर घ्यावे. यूपीआयवर भिस्त ठेवू नये. आयफेल टॉवरचे तिकीट 2024पासून त्यावर निघते. पण ते पैसे देते, जामीन राहत नाही.

कराची बाजूही क्रेडिट कार्डाकडे झुकलेली आहे. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावरचा परदेशी खर्च वर्षाला अडीच लाख डॉलरच्या परकीय चलन मर्यादेत धरला जातो, आणि एप्रिल 2025पासून दहा लाख रुपयांच्या वर गेल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे उगमापाशीच वसूल होणारा कर, लागतो. परदेशात वापरलेल्या क्रेडिट कार्डाचा खर्च त्यात आणण्याचा निर्णय सरकारने मे 2023मध्ये घेतला होता, जूनअखेर तो पुढे ढकलला.

कार्ड मिळणारच नसेल, तर मध्यस्थाला टाळून गाडीच्या कंपनीच्या नेमक्या त्या शाखेला पत्र लिहावे आणि ‘भारतात दिलेल्या डेबिट कार्डावर अनामत घ्याल का, किती’ याचे लेखी उत्तर मागावे. ‘डेबिट कार्ड चालेल’ एवढे उत्तर पुरेसे नाही. ‘भारतात दिलेल्या’ हे शब्द त्यात हवेत. लहान स्थानिक कंपन्या काही ठिकाणी रोख अनामतही घेतात. पावती घ्यावी आणि गाडीचे चारी बाजूंनी, छत व चाकांसकट चित्रण करून ठेवावे. आंतरराष्ट्रीय परवाना, आणि तो ज्याच्यावर आधारलेला आहे ते मूळ लायसन्स, दोन्ही जवळ हवीत. एक हजार रुपये शुल्काचा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरच चालतो. नातेवाइकाच्या कार्डावर विसंबायचे असेल, तर मुख्य चालक त्यालाच करावे आणि आपले नाव जादा चालक म्हणून लावावे.

प्रस्तुत लेखकाकडे आता ठेवीवरचे एक कार्ड आहे. सिबिलचा आकडा सहा महिन्यांनी सातशेच्या पुढे गेला. त्या सहा दिवसांचे भाडे परत मिळालेले नाही.