अहवालातली ओळ आणि आजोबांची चाल

बोईसरच्या माझ्या दवाखान्यात वडिलांच्या मेंदूच्या सीटी स्कॅनचा लिफाफा घेऊन येणारी मुले-सुना बहुधा एकाच ओळीवर बोट ठेवतात : ‘व्हेंट्रिकल मोठे झालेले, वयानुरूप मेंदूचा संकोच.’ मग हळूच विचारतात, ‘‘डॉक्टर, मेंदू सुकला का हो?’’

व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूच्या आतल्या चार पोकळ्या. त्यांत पाण्यासारखा नितळ द्रव असतो. तो दिवसाला सुमारे अर्धा लीटर तयार होतो व तेवढाच रक्तात शोषला जातो. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो आणि रिकामी झालेली जागा या पोकळ्या व्यापतात. पुरुषांत त्या सरासरीने स्त्रियांपेक्षा मोठ्या आढळतात. त्यांची कवटीही मोठी असते. तेव्हा आजोबांच्या स्कॅनची तुलना आजींच्या किंवा सुनेच्या स्कॅनशी करू नये.

मापनासाठी ‘इव्हान्स निर्देशांक’ वापरतात. पोकळ्यांच्या पुढच्या टोकांची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी. तो ०.३ पेक्षा अधिक असेल, तर पोकळ्या मोठ्या मानतात. हे माप १९४२ चे, म्हणजे सीटी स्कॅनच्याही आधीचे. तेव्हा पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढीत! सत्तरीनंतर मात्र निरोगी माणसांतही हा आकडा ओलांडलेला दिसतो. त्यामुळे केवळ या ओळीने घाबरू नका.

पण ‘वय झाले’ म्हणून निश्चिंतही राहू नका. ती चूक मी स्वतः केली आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पावले जमिनीला चिकटल्यासारखे, फरफटत चालू लागले. मी गुडघ्यांना दोष दिला, गोळ्या दिल्या. स्कॅनमधल्या मोठ्या पोकळ्या वयाच्या खात्यात टाकल्या. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘लोकलमध्ये चढताना पाय उचलतच नाही. लघवीला मोरीपर्यंत पोचत नाहीत. विसरतातही फार.’’ तेव्हा माझे डोळे उघडले.

चाल, लघवी, स्मरण या तिन्हींत बिघाड आणि मोठ्या पोकळ्या : ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’ नावाच्या या विकाराचे वर्णन कोलंबियाचे डॉ. सालोमोन हाकिम आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये केले. तिन्ही लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही. बहुधा चाल आधी बिघडते. मुंबईच्या तज्ज्ञांनी कंबरेतून थोडा द्रव काढला व आधीची आणि नंतरची चाल ताडून पाहिली. फरक स्पष्ट होता. पुढे जादा द्रव पोटात वाहून नेणारी बारीक नळी कातडीखालून बसवली. या शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा, रक्तस्रावाचा, नळी तुंबण्याचा धोका असतो. प्रत्येकाला ती लागू पडत नाही. हे गृहस्थ आता काठी टेकत बाजारात जातात. स्मरणशक्ती मात्र फारशी परतली नाही. आधी पाठवले असते तर, हा प्रश्न मला अजून टोचतो.

म्हणून वडीलधाऱ्यांची चाल बदलली असेल, तर ते दारापासून खिडकीपर्यंत जाऊन वळून येतानाचे मोबाइलवर चित्रण करा, आणि डॉक्टरांकडे जाताना लिफाफ्यासोबत तेही न्या.