बहात्तर सैनिक आणि एक मर्यादा



चातुर्मासातली साठवण, पाठशाळेतल्या गोष्टी, कंदमुळांशिवायची भाजी हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र एका खेळाच्या खोक्याबद्दल लिहितेय. तुमच्या घरात बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल आणि तुम्ही माझ्यासारख्या इंग्लंडात राहत असाल, तर हे खोकं आज ना उद्या तुमच्याही दारात येणार आहे. भारतातल्या मोठ्या शहरांतही ही आवड आता पोचली आहे. म्हणून आत काय असतं, घरात त्याचं काय होतं आणि आपल्या संस्कारात ते कुठे बसतं, हे एका आईच्या नजरेतून सांगते.

खेळाचं नाव वॉरहॅमर ४०,०००. आम्ही लेस्टरला राहतो आणि हा खेळ जन्मतो तो शेजारच्या नॉटिंगहॅममध्ये. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. हा खेळ १९८७ मध्ये आला. २०२३ च्या जूनमध्ये त्याच्या दहाव्या आवृत्तीसोबत ‘लेव्हायथन’ नावाचं मोठं खोकं निघालं. तेव्हा किंमत १५० पौंड होती. लंडनच्या मामाने भाच्याला ते वाढदिवसाला दिलं.

खोक्यात काय आहे

एकूण ७२ पुतळे. त्यातले २५ स्पेस मरीन, म्हणजे भल्यामोठ्या चिलखतातले मानवी सैनिक. उरलेले ४७ टिरॅनिड, म्हणजे दात-नख्यांचे परग्रहावरचे जीव. शिवाय जाडजूड पुस्तक आणि कार्डांचा गठ्ठा. एका पुतळ्याला हिशेबाने दोन पौंडांहून थोडे जास्त पडतात.

पुतळे तयार येत नाहीत. प्लास्टिकच्या चौकटींमध्ये हात, पाय, डोकी सुटी अडकवलेली असतात. ती कटरने कापायची, कडा घासायच्या आणि एकमेकांत दाबून बसवायच्या. डिंक न लावताही बहुतेक भाग घट्ट बसतात. कारागिरी मात्र खरोखर पाहण्यासारखी आहे. अंगठ्याएवढ्या सैनिकाच्या कमरेची पिशवी आणि तिचं बक्कलसुद्धा दिसतं. स्पेस मरीनांमधला सगळ्यांत मोठा तो बॅलिस्टस ड्रेडनॉट, चालतं यंत्रच. टिरॅनिडांमधला स्क्रीमर-किलर नावाप्रमाणेच भयंकर दिसतो.

रंग, ब्रश, कटर यांतलं काहीही खोक्यात नाही. तो खर्च वेगळा धरा. आणि घरात लहान मूल असेल तर कापलेले तुकडे मोजून उचला. तांदळाएवढी नखं गालिच्यात जातात आणि नंतर पायाला सापडतात.

रंगकाम आणि ब्रशची गोष्ट

आधी प्रायमरचा फवारा मारावा लागतो. तो अंगणातच मारा, घरात वास दिवसभर राहतो. त्यानंतरचे रंग पाण्यात मिसळणारे असतात, त्यामुळे टेबल पुसायला सोपं. आमच्याकडे जुळवायला तीन शनिवार-रविवार गेले. रंगवायला सात महिने झाले आणि अजून ३१ पुतळे राखाडीच आहेत.

आता आपल्या कामाची गोष्ट. या छंदातली मंडळी ज्या ब्रशची फार स्तुती करतात, तो कोलिन्स्की सेबल. हे केस सायबेरियातल्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचे असतात. दुकानात लेबलावर ‘सेबल’ लिहिलेलं दिसलं की तो ब्रश परत ठेवा. सिंथेटिक ब्रश मागा. त्याचं टोक लवकर वाकडं होतं, पण तीन-चार महिने नीट चालतो आणि स्वस्तही पडतो. भारतात घेत असाल तर आणखी डोळसपणे घ्या. तिथे मुंगसाच्या केसांचे ब्रश चोरून विकले जातात आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे.

प्लास्टिकच्या सैनिकाने प्लास्टिकच्या राक्षसाला मारणं ही हिंसा की नाही यावर आपण तासभर बोलू शकतो. पण रंगवणाऱ्या हातातल्या केसांत जीव होता, हे आधी पाहायला हवं. लेकाला हे सांगितलं तेव्हा त्याने स्वतःच मित्राच्या घरचा ब्रश नाकारला. मला त्याचं फार बरं वाटलं.

खेळ कसा चालतो

जेवणाचं टेबल हे रणांगण. टेपने इंच मोजून सैनिक हलवायचे, मग फासे टाकायचे. नेम लागला का, लागून जखम झाली का, समोरच्याचं चिलखत टिकलं का, असे एकामागून एक फासे. मूळ नियम कंपनीने मोफत ठेवले आहेत, त्यामुळे खोकं घेण्याआधी वाचून पाहता येतात. एक डाव दोन-तीन तास सहज चालतो आणि तेवढा वेळ मोबाइल कोणाच्या हातात नसतो, हे मी मनापासून मान्य करते.

खेळ पाहताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक गुण टेबलावरच्या ठरलेल्या जागा ताब्यात ठेवण्याचे मिळतात. जास्त मारणारा जिंकतोच असं नाही. आमचा लेक पहिले काही डाव नुसता मारत सुटला आणि हरला. त्याचा मित्र चार सैनिक घेऊन शांतपणे जागेवर उभा राहिला आणि जिंकला.

फाशांवरून सासूबाईंनी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर लगेच विचारलं, “अगं, द्यूत हे सप्तव्यसनातलं पहिलं. पोराच्या हातात फासे कसे दिलेस?” पैज नाही, पैसा नाही, हे त्यांना समजावलं. मग सापशिडीची आठवण दिली. त्यावर त्या गप्प झाल्या, पण समाधान झालं नव्हतं. खरा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी काढला.

पिठाचा कोंबडा

यशोधर राजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये यशस्तिलक चंपू रचला तो याच कथेवर. राजाच्या आईने देवीला बळी द्यायचा आग्रह धरला. राजा जिवंत प्राणी मारायला तयार होईना. मग तोडगा निघाला पिठाच्या कोंबड्याचा. राजाने त्याच्यावर शस्त्र चालवलं. रक्त सांडलं नाही, जीव गेला नाही, पण मनात वध होता. माय-लेक मोर, कुत्रा, बकरा असे जन्म घेत फिरत राहिले.

“पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचा सैनिक यात फरक काय गं?” सासूबाईंनी विचारलं. आणि त्या गोष्टीत आग्रह धरणारी आईच होती, हेही त्यांनी मुद्दाम सांगितलं.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे हिंसा मोजली जाते ती प्रमादाने, कषायाने. रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यात हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं आहे आणि दुसऱ्याचं वाईट चिंतणंही आहे. म्हणजे ‘खोटंच तर आहे’ एवढ्याने आपली सुटका होत नाही.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली दिवाळीच्या किल्ल्याची. पहाटे महावीर स्वामींच्या निर्वाणाचा लाडू चढवून आलं की दुपारी अंगणात किल्ला व्हायचा. माझा भाऊ मावळे मांडायचा, ह्यांनीही लहानपणी मांडलेत. भाला घेतलेले, तोफ डागणारे. आपल्या वाड्यातली एकही म्हातारी त्याला हिंसा म्हणाली नाही, कारण मुलाच्या मनात तिथे वध नव्हता, शौर्याचं कौतुक होतं. यशोधराच्या मनात बळी देण्याचा संकल्प होता. हत्यार पिठावर चाललं तरी संकल्प खराच होता.

दुसरी गोष्ट भरत-बाहुबलीची. दोन्ही सेना समोरासमोर उभ्या होत्या. मंत्र्यांनी सुचवलं, सैन्य कशाला मारता? दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध करा आणि नियमाने निकाल लावा. हजारो माणसं वाचली. नियमात बांधलेली लढाई ही आपल्याला परकी कल्पना नाही. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनीही १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकात मांडले. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध बरं, हेच त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ते ठीक. पण रक्त न सांडताही भरताला राग आलाच ना? हरल्यावर त्याने चक्र सोडलं. आणि बाहुबली जिंकला, त्याने सगळं सोडलं. तुझा लेक जिंकला की काय करतो?”

“नवीन खोकं मागतो,” मी म्हणाले.

दोघी हसलो. पण उत्तर तिथेच होतं.

खरा शत्रू खोक्याबाहेर

सात महिने पाहून माझं मत असं झालंय की या खेळातला आपल्यासाठीचा मोठा धोका हिंसेचा नाही, परिग्रहाचा आहे. लेव्हायथन ‘साठा आहे तोवरच’ म्हणून विकलं गेलं. आता नाही घेतलं तर कधीच मिळणार नाही, ही घाई लोभाला फार सोयीची. नव्या आवृत्त्या पाहा: २०१७, २०२०, २०२३. तीन-तीन वर्षांनी नवे नियम आणि नवं खोकं. न रंगवलेल्या पुतळ्यांच्या साठ्याला हे छंदवालेच ‘लाजेचा ढीग’ म्हणतात. आपल्या साडीच्या कपाटाला असं नाव द्यायची हिंमत आपल्यात नाही, हेही खरं!

कथेबद्दलही सांगायला हवं. त्या जगातलं मानवी साम्राज्य फार क्रूर आहे. आपल्याहून वेगळं मत म्हणजे पाखंड, त्याला मरण. अनेकांताच्या अगदी उलट. हे साम्राज्य आदर्श नाही, त्यावरचं व्यंग आहे, असं कंपनीने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीरपणे सांगितलं. पण तेरा वर्षांच्या मुलाला व्यंग आपोआप कळेलच असं नाही. ते शेजारी बसून बोलावं लागतं. आमच्याकडे ते काम धाकटीने केलं. ती सात वर्षांची. एकदा दादाला म्हणाली, “ते वाईट नाहीत रे, त्यांना भूक लागलीये म्हणून येतात.” सासूबाई फोनवरूनच म्हणाल्या, “आहारसंज्ञा ती, सगळ्या जिवांना असते.” त्या दिवसापासून टिरॅनिडांची बाजू धाकटीकडे आहे.

आमच्या घरचे नियम

खोकं बंद करून टाकावं असं मला वाटत नाही. त्या टेबलाभोवती लेकाला चार चांगले मित्र मिळाले, हात स्थिर झाला, हरणं जमायला लागलं. म्हणून आम्ही मर्यादा आखल्या, त्याही त्याला विचारून:

- सगळे ७२ रंगवून होईपर्यंत नवा एकही पुतळा नाही, भेट म्हणूनही नाही. मामालाही तसं कळवलंय. हे त्याचं पहिलं परिग्रहपरिमाण.
- ब्रश सिंथेटिकच.
- ‘मारला’ म्हणायचं नाही, ‘बाद झाला’ म्हणायचं. ऐकायला लहान वाटतं, पण जिभेवर येतं ते मनात उतरतं.
- दशलक्षण पर्वाचे दहा दिवस खोकं कपाटावर.
- हरल्यावर पाच मिनिटं शांत बसायचं, मग सैनिक दोघांनी मिळून आवरायचे.

शेवटच्या नियमाला आमच्या घरात नाव पडलंय. परवा मित्राकडून हरून आला, चेहरा लाल. मी फक्त विचारलं, “चक्र सोडलंस का?” थोडा वेळ थांबून म्हणाला, “हातात घेतलं होतं. ठेवलं परत.”

तर माझा सल्ला: कारागिरीसाठी आणि मुलांना एकत्र बसवण्यासाठी खेळ चांगला. मुलगा बारा वर्षांचा तरी हवा, कंपनीही तेच सांगते. लेव्हायथनसारख्या मोठ्या खोक्याची सुरुवातीला गरज नाही. त्यातले बरेच पुतळे लहान संचांतही येतात, आणि रंग-ब्रशसकट येणारा नवशिक्यांचा छोटा संच वर्षभर पुरतो. आणि पैसे देण्याआधी मुलाशी मर्यादा ठरवा. खोकं उघडल्यावर ती ठरवणं फार अवघड जातं, मुलांनाही आणि आपल्यालाही.

जय जिनेंद्र.