कशेळीचा सडा

कोकणात जावयाचे ते माघ-फाल्गुनात, नाही तर आंब्यांच्या दिवसांत, असा आम्हां घाटावरील मंडळींचा परिपाठ. आम्ही गेलो ते ऐन श्रावणात, आणि तेही गणपतीपुळ्याची रूढ वाट सोडून रत्नागिरीच्या दक्षिणेस, राजापूर तालुक्यातील कशेळीला. पावस मागे टाकून पूर्णगडाजवळ मुचकुंदीच्या खाडीवरील पूल ओलांडला, तरी पावसाने काचेबाहेरचे काही दिसू दिले नाही.

आमचे प्रयोजन होते येथील कनकादित्य. सूर्याची देवळे आपल्याकडे थोडी. त्यातून ह्या देवस्थानास शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इ. स. ११९१ चा ताम्रपट. बारा ब्राह्मणांच्या नित्य भोजनाची सोय त्यात सांगितली आहे. दर्शन झाले. त्या दानलेखाविषयी आम्ही बराच वेळ बोलत राहिलो, तेव्हा आमचे वृद्ध यजमान म्हणाले, "मास्तर, ह्याहून जुने काही पाहावयाचे असेल तर सड्यावर चला."

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. ग्रीष्मात तेथे पाय पोळतात आणि नांगर कधीच चालत नाही. सातबाऱ्यावर अशी जमीन 'पोटखराब' म्हणून पडते. परंतु श्रावणात त्याच कातळावर बोटभर मातीत गवत लवते आणि ओलसर जागी 'सीतेची आसवे' ह्या निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे पसरतात. ह्या इवल्या वनस्पतीस कातळावरच्या मातीतून पोषण पुरत नाही. म्हणून ती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले जीव धरून खाते. सीतामाईच्या नावाने मांसाहार चालावा, ह्याचे आमच्या मंडळींस फार वाईट वाटले!

पुढे एके ठिकाणी यजमानांनी वहाणा काढल्या. जवळ देऊळ दिसेना, म्हणून आम्ही तसेच चार पावले गेलो. "मास्तर, आपण हत्तीच्या पाठीवर उभे आहां," ते शांतपणे म्हणाले.

खाली पाहिले. कातळात कोरलेल्या चरांत पाणी साचले होते आणि त्या चमकत्या रेषांनी सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आखला होता. त्याच्या देहात आणखी कितीतरी प्राणी. अभ्यासक ही चित्रे काही हजार वर्षांमागची मानतात. कोरणाऱ्यांनी अक्षर एकही ठेवले नाही. कोकणातील अशा निवडक कातळशिल्पांबरोबर हे स्थळ २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेले.

यादीत न गेलेले सडे मात्र पुष्कळ आहेत. परतताना वाटेत एक चिरेखाण लागली. यंत्राची करवत कातळ पावासारखा कापीत होती. आम्ही रागावून काही बोलणार, तोच यजमानांनी आपल्या घराच्या जोत्याकडे बोट दाखविले. तेही चिऱ्याचेच! "घर बांधायला चिरा हवाच," ते म्हणाले, "पण करवत लावण्याआधी कोणी एकदा पावसात तेथे चालून बघतो का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे थोडी उघडीप मिळाली. आम्ही उभयतां पुन्हा सड्यावर गेलो. ह्या वेळी पायताणे गाडीतच ठेवली.