पहिली सर्व्हिसिंग

नवी गाडी आली की पेढे आपण वाटतो आणि सल्ले शेजारी वाटतात. आमच्या उधन्यात पहिला सल्ला ठरलेला: "सर्व्हिसिंग कंपनीतच करा, फुकट असते."

मारुतीच्या गाडीला अशा तीन सर्व्हिसिंग मिळतात: १,००० किमी किंवा एक महिना, ५,००० किंवा सहा महिने, १०,००० किंवा एक वर्ष; जे आधी होईल ते. फुकट म्हणजे फक्त मजुरी. ऑइल-फिल्टर बदलला तर त्याचे पैसे आपलेच.

पप्पांचा जीव मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या भाऊंमध्ये. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात आमची जुनी व्हॅन अडाजणला बुडाली होती. भाऊंनी इंजिन उघडून गाळ काढला, पैसे दिवाळीनंतर घेतले. त्यांना सोडून शोरूमला जाणं पप्पांना बेइमानी वाटत होतं.

बाहेर काम केलं की वॉरंटी गेली, असं सगळेच म्हणतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात सांगितलं होतं, की बाहेरच्या कामाने जेवढं नुकसान होईल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. पण एका गाडीसाठी कंपनीशी भांडत कोण बसणार?

शेवटी भाऊच म्हणाले, "दादा, वॉरंटी आहे तोवर तिकडेच दाखवा. बुकात शिक्के पडू द्या. नंतर मी आहेच की."

स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवणारा मेकॅनिक भेटला, की वॉरंटी संपल्यावर कुठे जायचं हे वेगळं ठरवावं लागत नाही.