शेवटचा हात कोणाचा?

नोएडा हे नाव ऐकून नवख्या मराठी माणसाला ते एखाद्या जुन्या गावाचे असावे असे वाटते. वास्तविक ती एका सरकारी प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. १७ एप्रिल १९७६ रोजी हे औद्योगिक नगर अस्तित्वात आले आणि यमुनेकाठच्या शेतांवर सेक्टरांची वस्ती उभी राहिली. येथील अंतरे अशी, की मोटार ही चैन उरत नाही. ती पायांच्या ठिकाणी येते. पाय मोडावा तशी माझी मोटार एका रात्री अचानक बंद पडली.

डिसेंबर २०१९ मधली ही गोष्ट. आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. शनिवारी मी गाडी सर्व्हिसिंगला दिली. तेल बदलले, फिल्टर बदलले, थ्रॉटलची सफाई झाली. येताना पेट्रोलची टाकीही भरून घेतली. रविवारी रात्री ग्रेटर नोएडातील नातलगांकडून आईला घेऊन मी परत निघालो. परी चौक मागे टाकून द्रुतगती मार्गाला लागलो, तो समोर धुक्याची भिंतच उभी. गाडी चाळीसच्या वेगाने चालली होती. अकस्मात पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसले. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, क्लच दाबला, आणि इंजिन निःशब्द झाले.

इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारे साहाय्यही एक-दोन दाबांपुरतेच उरते. उरलेल्या वेगावर गाडी कशीबशी डाव्या कडेला घेतली आणि चारही दिवे लुकलुकते ठेवले. अशा वेळी गाडीत बसून राहणे सर्वांत धोक्याचे, म्हणून आईला उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे केले. सत्तरी ओलांडलेली माझी आई शाल डोक्यावरून घेऊन त्या गारठ्यात उभी होती. हाताच्या अंतरावरून ट्रक कर्णे वाजवीत जात होते. ती एवढेच म्हणाली, "तू गाडीच्या मागे उभा राहू नकोस रे."

किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. पाय सैल सोडताच पुन्हा थरथरून बंद पडली. शेवटी ॲक्सिलरेटर थोडा दाबलेलाच ठेवून आम्ही घर गाठले.

रात्री घरात खटला चालला. पत्नीच्या मते दोष पेट्रोलचा होता. आई थंडीला दोष देत होती. तिच्या लहानपणी गावची जीप तापवल्याशिवाय हलत नसे. माझा संशय अर्थातच सर्व्हिसिंगवर. कालपर्यंत सुरळीत चाललेली गाडी आज बिघडते, याला दुसरे कारण काय असणार? तथापि रागाच्या भरात मी एक गोष्ट विसरत होतो. एकामागून दुसरी गोष्ट घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली, असे सिद्ध होत नाही. पेट्रोलही त्याच दिवशी भरले होते आणि धुकेही त्याच आठवड्यात उतरले होते.

सोमवारी सर्व्हिस केंद्रावर त्यांनी स्टिअरिंगखालच्या खाचेला यंत्र जोडले. पडद्यावर पी ०१७१ हा संकेतांक उमटला. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. तेवढ्यावरून तेथील पर्यवेक्षकांनी संपूर्ण थ्रॉटल बदलण्याचा सल्ला दिला आणि खर्चाचा आकडा सांगितला. तो पाच अंकी होता. मी विचार करून सांगतो म्हणालो.

यंत्राने खोटे सांगितले नव्हते. पण ताप आहे हे थर्मामीटर सांगतो; तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे कोणीतरी शोधावे लागते.

नोएडाच्या सेक्टरांच्या पोटात अजून जुनी गावे आहेत. सेक्टर ६६ मधील ममुरा हे त्यांतलेच एक. तेथे एका गाळ्यात बसणाऱ्या वयस्क मिस्त्रींकडे एका शेजाऱ्याने मला धाडले. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारले, "आखिरी हाथ किसका लगा था?" नंतर प्रश्नांमागून प्रश्न. गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावरही? तापल्यावरही, मी म्हणालो. म्हणजे थंडी सुटली. वेगात असताना धक्के देते का? नाही, केवळ पाय सोडला की मरते. पेट्रोल खराब असते तर चढावर, वेगात, ओझे ओढतानाही तिने कुरकूर केली असती. म्हणजे पेट्रोलवरचा संशयही बहुतेक फिटला. ही जिरह मी एखाद्या न्यायालयातसुद्धा इतकी नेटकी ऐकलेली नाही.

मग त्यांनी हातभर लांबीची रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावले आणि दुसरे चालू इंजिनावरून हळूहळू फिरवू लागले. डॉक्टर छाती तपासतात तसेच. एका जागी ते थांबले आणि नळी माझ्या कानाला दिली. सूं... असा बारीक आवाज येत होता. इंजिनाकडे जाणाऱ्या एका करंगळीएवढ्या नळीचे टोक नीट बसलेले नव्हते आणि त्यावरची पकड जागेवर नव्हती. मिस्त्रींनी त्या फटीवर बोट दाबले. थरथरणारे इंजिन तत्काळ शांत झाले. बोट काढले, पुन्हा थरथर.

कारण साधे होते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते; एका लिटरला जवळजवळ नऊ हजार लिटर. किती हवा आत आली हे मोजून त्या हिशेबाने गाडीतील संगणक पेट्रोल सोडतो. माझ्या गाडीत काही हवा मोजणीच्या पुढून चोरवाटेने शिरत होती. वेगात इंजिन एवढी हवा ओढते, की ही चोरी खपून जाते. पाय सोडला की हवेची गरज अगदी थोडी उरते आणि तीच चोरी भारी पडते.

मिस्त्रींनी नवी पकड बसवून दीडशे रुपये घेतले.

मी तडक सर्व्हिस केंद्र गाठले. पाच अंकी आकडा आणि कठड्यापलीकडची आई, दोन्ही डोळ्यांपुढे होते. आवाज चढवूनच बोललो. पर्यवेक्षकांनी काम करणाऱ्या मुलाला बोलावले. वीस-एकवीस वर्षांचा असेल. हात काळे, मान खाली. "याचे तीन दिवसांचे पैसे कापतो," ते म्हणाले आणि पुरावा म्हणून शनिवारचे जॉब कार्ड माझ्यापुढे ठेवले. त्यावर मुलाची सही होती. सहीच्या वर लाल अक्षरात लिहिले होते: ग्राहकाला घाई, पाच वाजता हवीच. ते मीच दोनदा फोन करून लिहवून घेतले होते.

मुलाची चूक ती चूकच होती. त्या रात्री काहीही घडू शकले असते. पण त्या लाल ओळीपुढे माझा चढलेला आवाज उतरला. पैसे कापू नका, असे मी म्हटले. त्यांनी ऐकले की नाही, मला कळले नाही. मुलाला मात्र बाहेर गाडीपाशी नेऊन ती नळी दाखवली. त्याने ती ओढून पाहिली. मग कोणी न सांगताच बाकीच्या सगळ्या नळ्याही एकेक ओढून पाहिल्या. त्यात वीस मिनिटे गेली. मी थांबलो.

संध्याकाळी आईला घेऊन बाहेर पडलो. पहिल्याच सिग्नलला लाल दिवा लागला. मी पाय सोडला. आम्ही दोघेही काही न बोलता त्या तबकडीकडे पाहत होतो. काटा आठशेवर येऊन थांबला. आईने शाल सारखी केली आणि म्हणाली, "भाजी घ्यायची आहे, विसरू नकोस."