चालण्याऐवजी नाचलं तर चालतं का?

"मॅडम, रस्त्यावर फिरायला जाण्यापेक्षा घरात टीव्हीपुढं नाचलेलं चालतंय का?" शुगर तपासायला येणाऱ्या बायकांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच, आणि तेही आवाज खाली घेऊन. जणू चोरीचा मामला आहे. उत्तर सरळ आहे, चालतं. पण तुम्ही कसं नाचता यावर बरंच काही अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या धाराशिवात "रोज चाला" असं कागदावर लिहून देणं डॉक्टरला सोपं असतं. पण पहाटे अंधारात एकटीनं निघायची भीती असते. उजाडलं की पाणी, डबे, पोरांची शाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो आणि सकाळी नऊलाच ऊन भाजायला लागतं. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीतल्या एक बाई म्हणाल्या, "साडीवर बूट घालून निघाले की गल्लीतले बघत बसतेत." त्यांना पुन्हा "चाला" म्हणण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या नातीनं मोबाइलवरचा नाचाचा खेळ टीव्हीला जोडून दिला. दार लावून दोघी नाचू लागल्या. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी शुगर उतरलेली दिसली. रात्रीचा भातही त्यांनी निम्मा केला होता, त्यामुळे सगळं श्रेय मी नाचाला देत नाही. पण आठवड्यातले पाच-सहा दिवस त्यांनी स्वतःहून व्यायाम केला, हे आधीच्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

हे खेळ तसे जुने आहेत. १९९८ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीनं 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आणला. पायाखाली चार बाणांचा पाट आणि पडद्यावर जो बाण येईल त्यावर ठेक्यात पाय टाकायचा. २००९ मध्ये युबिसॉफ्टचा 'जस्ट डान्स' आला. त्यात पडद्यावरचा नर्तक नाचतो आणि आपण आरशात बघितल्यासारखी त्याची नक्कल करायची. सुरुवातीला त्याला वेगळं यंत्र आणि हातात धरायचा रिमोट लागायचा, पुढं मोबाइलच रिमोटचं काम करू लागला. यातलं काही नसेल तर यूट्यूबवर तसे व्हिडिओ मिळतात. तिथं गुण मिळत नाहीत, घाम मात्र तेवढाच निघतो.

आता गुणांची गंमत सांगते. रिमोट किंवा मोबाइल उजव्या हातात असतो आणि यंत्राला फक्त त्या हाताची हालचाल कळते. म्हणजे सोफ्यावर बसून नुसता उजवा हात फिरवला तरी बऱ्यापैकी गुण पडतात. आमच्या घरात पोरं हेच करून मला हरवतात. म्हणून व्यायाम झाला की नाही हे पडद्याला विचारू नका, स्वतःच्या श्वासाला विचारा. नाचताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतकी धाप लागली की मध्यम व्यायाम चालू आहे. दोन-चार शब्दांवरच दम लागत असेल तर तो जोराचा. आरामात गुणगुणता येत असेल तर पाय अजून जागेवरून हललेले नाहीत, असं समजा.

नाडी मोजायची असेल तर २२० मधून वय वजा करा. पन्नाशीला हा आकडा १७० येतो. त्याच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश, म्हणजे मिनिटाला ११० ते १३० ठोके, हा मध्यम व्यायामाचा पट्टा. बीपीच्या काही गोळ्या मुळातच नाडी मंद ठेवतात. त्या चालू असतील तर हा हिशेब सोडा आणि श्वासावरच जा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. रोजची साधारण २२ मिनिटं झाली. एक गाणं साडेतीन मिनिटांचं धरलं तर सहा-सात गाणी. पुढचं गाणं निवडायला जाणारा वेळ यात धरू नका, आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात. स्नायू काम करायला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम काही तास, कधी दिवसभरही टिकतो. म्हणून रविवारी तासभर नाचून बाकी सहा दिवस बसण्यापेक्षा रोजची सहा गाणी मधुमेहात जास्त उपयोगी. सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. वजनाबद्दल मात्र फार आशा लावू नका. वीस मिनिटांच्या नाचात शंभरेक कॅलरी जातात, आपल्याकडचा एक गुलाबजाम त्याहून जास्त परत देतो.

पडद्यावरचा नर्तक विशीतला असतो आणि त्याच्या पायाखाली शहाबादी फरशी नसते, हे विसरू नका. उडीच्या जागी नुसतं पाऊल टाका. वळताना पाय रोवून गुडघा पिळू नका, पाऊल उचलून वळा. सतरंजी घसरते, तिच्यावर नाचू नका. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर घरातही बूट हवेतच, कारण पायाला झालेली जखम अशा वेळी कळत नाही. इन्सुलिन किंवा शुगर पटकन खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी नाचू नका आणि साखर हाताशी ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर थांबून आधी साखर खा. छातीत दुखलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली तर "गाणं संपू दे" म्हणू नका, लगेच दवाखाना गाठा. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका. पत्र्याचं घर असेल तर उन्हाळ्यात पहाटे नाचा, दुपारी नको.

आणखी एक गोष्ट आहे, जी बायका सहसा बोलत नाहीत. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या कित्येकींना उडी मारताना लघवीचे थेंब जातात. मग त्या "गुडघे दुखतात" असं सांगून व्यायामच बंद करतात. ओटीपोटाखालचे स्नायू सैल झाल्यानं हे होतं आणि ते आवळून-सोडून करायच्या व्यायामानं बऱ्याच जणींना दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. तोवर उड्यांची गाणी वगळा, बाकीची चालू ठेवा. पुढच्या तपासणीला याल तेव्हा हेही सांगा. सोबत आलेल्या माणसांना मी बाहेर बसवीन.