कचेरी पुण्यात, घर कृष्णाकाठी

सातारा आणि सांगली ही दोन्ही कृष्णाकाठची गावे. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेस मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. एक गाव डोंगराच्या पायथ्याशी, अजिंक्यताऱ्याच्या सावलीत. दुसरे सपाट काळ्या रानात, हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेठेभोवती वाढलेले. स्वभाव वेगळे, बोलण्याचा हेलही वेगळा. तरी गेली शंभर वर्षे एक व्यवहार दोघांनीही सारख्याच निष्ठेने केला आहे, तो म्हणजे कर्ती माणसे बाहेर पाठविण्याचा.

साताऱ्याच्या घाटमाथ्यावरील पाटण-जावळीची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात गेली. अपशिंग्यासारख्या गावातून घरटी माणूस सैन्यात गेला. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूरचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्याची भट्टी घेऊन भारतभर पसरले. पोस्टाच्या मनिऑर्डरीवर आणि पुढे बँकेच्या ड्राफ्टवर या तालुक्यांची चूल पेटत राहिली. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्याला हे चित्र चांगले ठाऊक असते: पैसा घरी येई, माणूस येत नसे.

शिक्षणाने हा ओघ थांबला नाही, वाढला. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या योजनेतून खेड्यातील मुले पदवीधर झाली. पण पदवीला साजेशी नोकरी साताऱ्यात कितीशी असणार? सांगलीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याला पुढे शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. ज्या वालचंदशेठनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला, त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला सांगलीचा मुलगा पुढे पोटासाठी बंगळुरूस किंवा पुण्यास जातो, हा योग मोठा बोलका आहे. हिंजवडीचा आयटी पार्क उभा राहिल्यावर तर वाट ठरूनच गेली. चार वर्षे महाविद्यालय, मग पुणे, मग कर्ज काढून वाकड किंवा बाणेरला दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि दिवाळीला चार दिवस घर.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या सुमारास ही मुले लॅपटॉप पाठीला लावून घरी परतली. पंधरवड्याचा मुक्काम धरून आलेली होती. काही दोन वर्षे राहिली, काही अजून आहेत. एप्रिल २०२० मध्ये टाटा कन्सल्टन्सीसारख्या कंपनीने जाहीर केले की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असले तरी काम भागेल. सरकारनेही हात सैल केला. दूरसंचार खात्याच्या जुन्या नियमांनुसार कॉल सेंटरच्या माणसाने घरून काम करावयाचे तर कंपनीला मोठी बँक हमी द्यावी लागे. नोव्हेंबर २०२० मध्ये ती अट निघाली. गावागावात घरोघर फायबरची तार आली, इन्व्हर्टर आले, आणि वाड्यांच्या माडीवर, जेथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या व लग्नातली भांडी असत, तेथे टेबल-खुर्ची मांडली गेली.

सांगलीच्या गणपती पेठेतील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. खाली दुकान, मागे गोदाम, वर राहते घर. वडील पहाटे पूजा आटोपून दहाच्या आत गादीवर बसतात. मुलगा वरच्या खोलीत कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलतो. गिऱ्हाईक विचारते, “काय अप्पा, पोरगा घरीच असतो का आता?” या ‘घरीच’ शब्दातला काटा वडिलांना बोचतो. पेठेत बसायचे तर दुकानात बसावे, नोकरी करायची तर बाहेरगावी करावी; घरात बसून कमावणे ही गोष्ट पेठेच्या हिशेबात बसत नव्हती.

वास्तविक या पेठेला त्याचे नवल वाटू नये. न पाहिलेल्या माणसाशी दूरवरून व्यवहार करणे हेच तर सांगलीचे कसब. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या कोरड्या विहिरींसारख्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. माल हरिपूरला जमिनीखाली, धनी मुंबईला किंवा कोलकात्याला, आणि भाव तारेने किंवा पोस्टकार्डाने. हळदीच्या वायद्यासाठी सांगलीत स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज हा स्वतंत्र बाजार होता. तेथे तर हळकुंड डोळ्यांनीही न पाहता सौदे होत. अडत्याच्या शब्दावर लाखोंची उलाढाल करणाऱ्या आजोबांच्या नातवाने माडीवर बसून न्यूजर्सीच्या विमा कंपनीचे हिशेब सांभाळले, तर त्यात परंपरा मोडली कोठे? फरक एवढाच की आजोबांचा धनी आजोबाच होते. नातवाचा धनी दुसरा आहे, आणि तो केव्हाही परत बोलावू शकतो.

दिवसाच्या वेळापत्रकाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घरातील मोठ्यांना खरा उलगडा तेथेच होतो. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. लंडनचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच. त्यामुळे अमेरिकेचे काम करणाऱ्याचा दिवस दिवेलागणीला सुरू होतो आणि मध्यरात्र उलटून संपतो. हिंजवडीला असताना दुपारी गाडी येई, रात्रीचे जेवण उपहारगृहात दहा वाजता होई, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नेम पहिल्या वर्षातच सुटे. त्याबद्दल आई फोनवर काही बोलत नसे, एवढेच विचारी, “जेवलास का?” घरी आल्यावर हा नेम पुन्हा जमला. साडेपाचला ताट वाढले जाते, सहाला तोंड धुऊन माणूस माडीवर. पर्युषणाच्या दिवसांत एकासन करणाऱ्यालाही रजा टाकावी लागत नाही. मात्र पहाटेच्या अभिषेकाला मंदिरात जावयाचे तर झोप कोणत्या वेळी घ्यावी, हा प्रश्न तसाच राहतो. बारा-पंधरा वर्षे रात्र जागून पन्नाशीला प्रकृती काय म्हणेल, हेही कोणी विचारताना दिसत नाही.

सातारा आणि सांगली यांच्या वाटा येथून वेगळ्या होतात, आणि त्याला कारण केवळ अंतर. पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर, सांगली सुमारे २३५. सगळे घरून काम करीत होते तोवर या अंतराला अर्थ नव्हता. पुढे कंपन्यांचे मन फिरले. ज्या टाटा कन्सल्टन्सीने २५ टक्क्यांची भाषा केली होती, तिनेच ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. इतर अनेकांनी आठवड्याचे दोन-तीन दिवस ठरविले. दोन-तीन दिवस म्हटले की साताऱ्याचा मुलगा मंगळवारी पहाटे खंबाटकी ओलांडतो, दोन रात्री मित्राकडे काढतो आणि गुरुवारी रात्री शाहूपुरीत किंवा गोडोलीत आपल्या अंथरुणावर असतो. सांगलीच्या मुलाला हे झेपत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-हुबळी वंदे भारत सांगलीवरून सुरू झाली, पण ती आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि तिच्या वेळा कचेरीच्या वेळांशी जुळत नाहीत. म्हणून सांगलीत टिकून आहेत ते दोन प्रकारचे लोक: ज्यांची कंपनी मुळातच परदेशी आहे आणि जिचे भारतात कार्यालयच नाही ते, आणि स्वतःच्या नावाने बिल पाठवून कंत्राटी काम करणारे.

या दुसऱ्या गटाला व्यापारी घरातील वळण उपयोगी पडते. नोकरदाराच्या मुलाला कर आधी कापून पगार हाती घेण्याची सवय; त्याला आगाऊ कराचे चार हप्ते, जीएसटीची नोंदणी आणि निर्यातीचे हमीपत्र ही भानगड वाटते. पेठेतील मुलाच्या घरी हे सर्व खाली दुकानात रोजच चाललेले असते. दुकानाचे मुनीम आणि सीए त्याचेही काम पाहतात. डॉलरचे बिल साठ दिवस थकले तर काय करावे हे वडिलांना विचारावे लागते, आणि त्या दिवसापासून वडिलांच्या लेखी मुलगा ‘घरी बसलेला’ राहत नाही.

पैशाचा हिशेब सरळ आहे. समजा पुण्यात महिना २५ हजार रुपये भाडे जात होते. वर्षाचे ३ लाख आणि दहा वर्षांचे, व्याज न धरताही, ३० लाख वाचतात. जुन्या करप्रणालीत मात्र वडिलांच्या घरात भाडे न देता राहणाऱ्याला घरभाडे भत्त्याची करसवलत मिळत नाही. दिले तर ते वडिलांच्या उत्पन्नात धरले जाते. हिशेबाची दुसरी बाजू कागदावर मांडता येत नाही. पुण्यात नोकरी सुटली तर रस्त्यापलीकडे दुसरी कंपनी असते. सांगलीत रस्त्यापलीकडे हळदीची वखार असते. बढती देताना साहेबाला समोर बसलेला माणूस आधी आठवतो. आयटी पार्कची मागणी दोन्ही गावांत वरचेवर ऐकू येते. ती पुरी होईपर्यंत माडीवरच्या माणसाला सोबती नाही.

लग्नाच्या बाजारात या बदलाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो. पुण्यात नोकरी करणारी मुलगी सांगली-साताऱ्याचे स्थळ पाहतही नसे, आणि दुकान सांभाळणारी चांगली मुले तिशी ओलांडून जात. आता सून आपली नोकरी घेऊन सासरी येऊ शकते. आलेल्याही आहेत. परंतु घरात बसलेली सून ही कामावर असलेली सून आहे, हे सर्वांच्या गळी उतरलेले नाही. बैठक चालू असताना पाहुण्यांना चहा टाकण्याची हाक येते. मुलाच्या खोलीचे दार बंद असले की सारे घर हळू बोलते. तेच दार सुनेने लावले की कपाळाला आठी पडते. ज्या घरांनी हा भेद मिटवला तेथे सुना रमल्या. बाकीच्या घरांतून वर्षभरात ‘कंपनीने बोलावले’ असे सांगून जोडपे पुण्यास गेले, आणि कंपनीने खरोखर बोलावले होते का, हे कोणी विचारले नाही.

आणि सांगलीला नदी आहे. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ मध्ये पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले, त्या वेळी हरिपूरची बहुतेक पेवे बुडाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांपुढे गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पेठेत शिरले, आणि तेव्हा माडीवर ही मुले कामाला बसलेली होती. पाणी चढू लागले की आधी वीज जाते, मग इन्व्हर्टर संपतो, मग मोबाइलचा मनोरा मुका होतो. खाली पोती वर घेण्याची धावपळ आणि वर परदेशी साहेबाला ‘नदी घरात आली आहे’ हे समजावणे, असे दोन्ही एकाच वेळी चालले होते. ज्यांचे नातेवाईक विश्रामबागेकडे उंचावर होते ते लॅपटॉप घेऊन तिकडे गेले. साताऱ्यात हे भय नाही. तेथे सप्टेंबरात कासच्या फुलांना लोटणाऱ्या मोटारींमुळे यवतेश्वरचा घाट तुंबतो, तेवढीच तक्रार.

वाकडच्या फ्लॅटचे काय करावे, हा प्रश्न आज अनेक घरांत अनिर्णित पडून आहे. भाड्याने दिला तर हप्त्याचा काही भाग निघतो. विकला तर परतीची वाट बंद होते. वडील म्हणतात, ठेवून दे. मुलगा म्हणतो, मार्चपर्यंत पाहू. दरम्यान पेठेतील काही घरांनी मागच्या पुरानंतर माडीवर आणखी एक मजला चढविला आहे. त्याचे सिमेंट आणताना मोठा गोदामाचा विचार करीत होता आणि धाकटा खोलीचा. शेवटी अर्धी जागा बेदाण्याच्या पेट्यांना आणि अर्धी टेबल-खुर्चीला मिळाली.